हत्तीच्या पोटातले रविवार

एका उन्हाळ्यातले बहुतेक सगळे रविवार मी हत्ती होते. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच माझ्या अंगाकडे बघतात. तेव्हा मी काडी होते हो, हे आधीच सांगून ठेवते. काडी होते म्हणूनच तर हत्ती झाले. तो पोशाख मुंबईच्या कुणा शिंप्यानं परदेशी चित्रावरून बेतला होता आणि मापात भलताच घोळ करून ठेवला होता. धडधाकट मुलगा आत शिरला की हत्तीची तंगडी पोटरीवर येऊन थांबायची आणि खाली त्या मुलाचे केसाळ पाय दिसायचे. दोन मुलं अशी बाद झाली. मी शिरले तर अगदी पायघोळ बसला. ‘परफेक्ट!’ असं रोहित सर म्हणाले, आणि माझ्या करिअरला सुरुवात झाली.

रोहित सर म्हणजे जल्लोषनगरीचे जाहिरातवाले साहेब. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या पुढे गेलं की उसाच्या फडांच्या मधोमध तेव्हा ही पाळण्यांची आणि पाण्याच्या घसरगुंड्यांची नगरी उभी राहत होती. उभी राहत होती म्हणजे एक लांबलचक कुंपणाची भिंत होती, आणि भिंतीच्या वर मोठ्या पाळण्याचा नुसता सांगाडा दिसायचा. पण जाहिरात मात्र जोरात. त्या दिवसांत पुण्यात दर आठवड्याला काहीतरी नवीन उघडायचं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ, आणि ज्यांना कालपर्यंत टीव्हीवर दोन कार्यक्रम पुरत होते त्यांना आता चाळीस चॅनेलं कमी पडायला लागली होती. तरी करमणूक म्हटली की बाग, बागेबाहेरची भेळ आणि परत येताना बसमध्ये भांडण, एवढीच आमची झेप. अशा लोकांना तिकीट काढून पाण्यात ढकलून घ्यायची सवय लावायची म्हणजे काही सोपं काम नव्हतं. म्हणून दर रविवारी गजू नावाचा निळा हत्ती टेंपोत बसून पुण्याच्या एकेका भागात जायचा, टेपवर नाचायचा, मुलांना कागदी टोप्या वाटायचा आणि मोठ्यांना कुपनं. तो गजू म्हणजे मी.

ही नोकरी मला शबानामुळे लागली. शबाना माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या वडिलांचं कॅम्पात बँडवाल्यांचे गणवेश शिवायचं दुकान होतं. गजूची सोंड उसवली तेव्हा ती दुरुस्तीला तिथे आली, आणि सोंडेबरोबर नोकरीची बातमीही आली. मी हत्ती झाले आणि शबाना महावत. लाल जाकीट, डोक्याला फेटा आणि हातात माझा हात. हात धरावाच लागायचा, कारण हत्तीला तोंडाच्या फटीतून फक्त पायाखालची जमीन दिसायची. माणसं मला दिसतच नसत. मला दिसायच्या त्या चपला. चपलेवरून माणूस ओळखायला मी त्या उन्हाळ्यात शिकले आणि ती सवय अजून गेलेली नाही. रोहित सरांचे नियम दोनच होते. हत्ती बोलत नाही, आणि हत्ती चारचौघांत डोकं काढत नाही. यातलं काहीही मोडलं तर त्याच दिवशी घरी. कुणी काहीही म्हणालं तरी मान हलवायची. आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याला नगरी उघडल्यावर फाटकावर कायमची नोकरी, निळा कोट आणि गळ्यात ओळखपत्र. त्या निळ्या कोटात माझा जीव अडकला होता. आमच्या कॉलनीत बायकांच्या अंगावर स्वेटर होते, शाली होत्या, पण कोट घालून कामावर जाणारी एकही मुलगी तोवर निघाली नव्हती.

आमची कॉलनी येरवड्याची. तुरुंगाचे टोल ऐकून आमच्या घरी कुकर लागायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या खाली बसून कागद पुढे सरकवायचे, तारखा द्यायच्या, हे त्यांचं काम. पण घरात त्यांचा थाट असा, की खाली न्यायाधीशच बसत असावेत. रविवारी सकाळी ते आठवड्याच्या कोर्टाच्या कपड्यांना स्वतः इस्त्री करायचे. पांढरे शर्ट, काळा कोट. पाण्याचा शिपका, गरम कापडाचा वास आणि शेजारी रेडिओवरच्या बातम्या. त्या इस्त्रीला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आणि कोर्टाच्या कपड्यांखेरीज दुसरं काही ते त्या टेबलावर येऊ देत नसत. आईनं एकदा भीत भीत तिचा भीमजयंतीला घालायचा ब्लाऊज पुढे केला होता. ‘ही इस्त्री नोकरीच्या कपड्यांची आहे,’ असं म्हणून तो त्यांनी घडी घालून परत केला.

या रुबाबाचं कारण आम्हाला माहीत होतं. अण्णांचे वडील गावाकडे हलगी वाजवायचे. पाटलाच्या घरची वरात निघाली की पुढे वाजवत नाचायचं, उन्हात, अनवाणी, आणि थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. अण्णांनी लहानपणी ते पाहिलेलं. मग धम्मदीक्षा झाली, गाव सुटलं, शिक्षण झालं, काळा कोट अंगावर आला. ‘आपल्या घरातलं माणूस दुसऱ्याच्या करमणुकीसाठी नाचणार नाही,’ हे वाक्य आमच्या घरात भिंतीवर लिहिलेलं नव्हतं एवढंच. शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा मी कायम भाषण केलं, नाच कधी नाही. आणि आता मी दर रविवारी भर चौकात कंबर हलवत होते, तेही शेपूट लावून. घरी सांगितलं होतं की कंपनीत पब्लिक रिलेशनचं काम आहे. अण्णांना ते शब्द भारी आवडले. ‘मुलगी पब्लिक रिलेशनमध्ये आहे,’ असं ते कोर्टात शिपायापासून वकिलांपर्यंत सगळ्यांना सांगून आले.

पब्लिकशी रिलेशन मात्र खरंच आलं. पेठेतल्या एका चौकात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा टेप सुरू झाल्याबरोबर एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. करवती काठाचं धोतर आणि कोल्हापुरी चपला एवढंच मला दिसलं. ‘हे काय आहे?’ त्यांनी विचारलं. ‘हत्ती आहे काका,’ शबाना म्हणाली. ‘ते दिसतंय. कशाबद्दल?’ शबानानं कुपन पुढे केलं. ‘फुकट आहे काका, घ्या ना.’ ‘फुकट आहे म्हणूनच विचारतोय.’ मग त्यांनी माझ्याभोवती एक सावकाश फेरी मारली आणि जाहीर केलं, ‘सुळे उलटे बसवलेत. टोक वर पाहिजे. आणि टेप हळू करा, माणसं झोपलीत.’ आम्ही गप्प गाशा गुंडाळला. पण पुढच्या रविवारी धायरीला गेलो, तर त्याच कोल्हापुरी चपला हजर! बस बदलून आले होते. ‘सुळे तसेच आहेत,’ एवढं बोलून ते कार्यक्रम संपेपर्यंत थांबले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. पुण्यात कुणी ‘आवडलं’ म्हणत नाही. सुधारणा सुचवतात आणि पुन्हा येतात. गजूचा पहिला आणि सगळ्यात निष्ठावान चाहता म्हणजे हे सुळेवाले काका.

धायरीत मात्र वेगळाच प्रकार झाला. धायरी तेव्हा अजून गावच होतं. टेंपोतून निळा हत्ती उतरतोय हे पाहिल्याबरोबर बायका घरात पळाल्या. मला वाटलं घाबरल्या. कसल्या घाबरतायत! ताटं घेऊन परत आल्या. एकीनं माझ्या सोंडेला कुंकू लावलं, दुसरीनं पायावर पाणी घातलं, तिसरीनं नारळ हातात दिला. ‘दारात गनपती आलाय, असा कोरडा कसा धाडायचा?’ एक म्हातारी हात जोडून म्हणाली, ‘देवा, आमच्या नळाला पानी न्हाई, तेवढं बघ.’ नियमाप्रमाणे मी मान हलवली. आता आमच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गणपतीला देव मानणार नाही, त्याची उपासना करणार नाही, असं स्वच्छ म्हटलेलं आहे आणि मी ते लहानपणापासून पाठ म्हणत आले होते. पण स्वतःच गणपती झालं तर काय करायचं, याबद्दल त्यात काही नव्हतं. मी आतून शबानाचा हात घट्ट दाबला. ती दात आवळून कुजबुजली, ‘गप उभी राहा यार. तू निदान आत तरी आहेस. मी सगळ्यांसमोर गणपतीचा हात धरून उभी आहे. आमच्या मोहल्ल्यातलं कुणी बघितलं तर?’

त्याच आठवड्यात धायरीच्या नळाला पाणी आलं. का आलं ते ग्रामपंचायतीला ठाऊक, पण नाव गजूचं झालं. मग जाईन तिथे ताटं आणि नारळ. रोहित सर खूष. ‘व्हॉट अ रिस्पॉन्स!’ असं त्या विटेएवढ्या मोबाईलवर मुंबईला ओरडून सांगायचे. नारळ मात्र मी घरी न्यायचे. आईनं विचारलं, ‘नारळ कुठले गं?’ म्हटलं, ‘पब्लिकनं दिले.’ आई त्या खोबऱ्याची लसूण आणि लाल मिरची घालून पाट्यावर चटणी वाटायची. दगडाचा तो घसघस आवाज आणि नाकात जाणारा ठसका. अण्णा ती गरम भाकरीवर घेऊन मिटक्या मारत खायचे आणि म्हणायचे, ‘पब्लिक रिलेशन बरं चाललेलं दिसतंय.’ मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायचे. पुढे आईला माझ्या सलवारीवर कुंकू सापडलं, तेव्हा तिला सगळं सांगावंच लागलं. ऐकता ऐकता ती मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली. हसता हसता एकदम थांबली. ‘सुजे, अण्णांना कळलं तर तुझा तो कोट गेला म्हणून समज.’

आता माझा मुलगा मला मॉलमध्ये नेतो. तिथे एक अस्वल उभं असतं आणि मुलं त्याच्या गळ्यात पडून मोबाईलवर फोटो काढतात. मी अस्वलाच्या कानाशी जाऊन विचारते, ‘पाणी प्यायलास का बाबा?’ अस्वल मान हलवतं. माझ्या मुलाला लाज वाटते. वाटू दे. त्या फोमच्या आत मेच्या उन्हात काय होतं ते मला विचारा. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो आणि हात बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे पुसता येत नाही. नाकावर खाज सुटली की ती पुढच्या तासाभराची सोबतीण. तरी खरं सांगते, मला ते फार आवडायचं. मुलं पोटाला मिठी मारायची. कुणी माझं आडनाव विचारत नव्हतं, रंग बघत नव्हतं. गजू आला म्हणून लोक धावत यायचे आणि तो गजू मी होते.

मग एके दिवशी अण्णांनी जेवताना बॉम्ब टाकला. ‘पेपरात वाचलं, तो हत्ती वसाहतींमध्येही येतो. मी मंडळातर्फे अर्ज केला होता. मंजूर झाला. येत्या रविवारी आपल्या मैदानात.’ अण्णा जयंती मंडळाचे सचिव होते. माझ्या हातातलं ताक सांडलं. आईनं ते पुसायला घेतलं आणि बराच वेळ पुसतच राहिली. मी रोहित सरांच्या हातापाया पडले, की एवढ्या एका रविवारी दुसरं कुणी बघा. ‘साइज किसका है?’ ते म्हणाले. साइज माझाच होता.

इकडे मंडळात वेगळंच रण माजलं. कॉलनीतले सगळ्यात जुने कार्यकर्ते गायकवाड गुरुजी उभे राहिले. ‘सचिवसाहेब, हत्तीच्या तोंडाचा माणूस आपल्या मैदानात? धायरीत काय चाललंय ऐकलंत ना? आज टोप्या वाटतील, उद्या आरती सुरू होईल.’ अण्णा शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, हत्ती हा प्राणी आहे. भगवंतांच्या जन्माआधी महामायेच्या स्वप्नात आला तेव्हा कुणी आरती केली नव्हती.’ गुरुजी अटी घालूनच बसले. कुणी हात जोडायचे नाहीत, नारळ फोडायचा नाही. अण्णांनी अटी मान्य केल्या आणि वर स्वतःची एक घातली, की कार्यक्रम रीतसर होईल. हीच तर आमची खोड. आमच्याकडे दोन माणसं एकत्र आली की तिसऱ्याला अध्यक्ष करतात. रोहित सरांच्या हिशोबात हत्ती धावत येणार, दोन गाण्यांवर नाचणार, टोप्या उधळणार आणि टेंपोत बसून जाणार. मैदानात येऊन बघतात तर मंडप, सतरंज्या, माईक, टेबलावर दोन तसबिरी, आणि फळ्यावर खडूनं सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं: ‘प्रमुख पाहुणे – मा. गजू’.

मला मंचावर नेलं. खुर्चीत बसवायचा प्रयत्न झाला, पण शेपटीमुळे मी घसरायला लागले. तेव्हा दोन खुर्च्या जोडून मध्ये शेपूट सोडायची सोय कुणीतरी केली. तसबिरींना हार झाले, वंदना झाली, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं. प्रमुख पाहुण्यांचा परिचय गुरुजींनी करून दिला. त्यात हत्तीचं आयुर्मान, आहार आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखातला हत्ती हे सगळं आलं. मी आत शिजत होते. समोर कोल्हापुरी चपला दिसल्या, म्हणजे सुळेवाले काका येरवड्यालाही पोचले होते. रोहित सरांचे टोकदार बूट मंचाखाली येरझाऱ्या घालत होते. आणि मग माझ्या अगदी पुढ्यात, माईकपाशी, काळे चकचकीत पॉलिश केलेले बूट येऊन थांबले. हे बूट ओळखायला मला त्या उन्हाळ्याची शिकवणी लागणार नव्हती.

अण्णांनी भाषण सुरू केलं. मला वाटलं नेहमीसारखं शिक्षणावर बोलतील. पण ते म्हणाले, ‘आमच्या गावच्या जत्रेत पाळणा यायचा. आम्ही लांब उभं राहून बघायचो. पैसे असले तरी आम्हाला बसू द्यायचे नाहीत. रिकामा फिरवायचे, पण बसू द्यायचे नाहीत. आता लोणीच्या पुढे एवढा मोठा पाळणा होतोय. मी चौकशी केली. फाटक एकच आहे, आणि सगळ्यांना तिकीट एकच आहे. आपल्या मुलांनी त्या पाळण्यात सगळ्यात वर जाऊन ओरडावं, म्हणून मी अर्ज केला. या हत्तीसाठी केला नाही.’ मग ते माझ्याकडे वळले, बुटांची टोकं फिरली तेव्हा कळलं. ‘कंपनी म्हणते, पाहुणे नाचणार आहेत. पाहुणे नाचणार नाहीत. आत जो कुणी आहे तो कुणाचं तरी लेकरू आहे. या मैदानात आपण कुणाच्या लेकराला नाचवणार नाही. त्याचा सन्मान करू.’

मी आत रडायला लागले. घाम आणि अश्रू वेगळे कळत नव्हते, पण रडत होते हे नक्की. एवढं सगळं हा माणूस माझ्याबद्दल बोलतोय आणि त्याला ते ठाऊकच नाही! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अण्णा, मीच आहे. तेवढ्यात अण्णांनी भाषण संपवलं, ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम!’

आता हे समजून घ्या. मला बोलता यायला लागल्यापासून अण्णांचं प्रत्येक भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं. शेवटी त्यांनी जय भीम म्हटलं की सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यांदा उत्तर माझं, ही घरातली रीतच होती. झोप लागलेली असली तरी मी दचकून उत्तर द्यायचे. ते काही मी ठरवून करत नव्हते. त्या दिवशीही ठरवलं नाही. निळा हत्ती दोन खुर्च्यांवरून ताडकन उठला, उजवा हात वर केला आणि त्या पोकळ डोक्यातून मैदानभर घुमेल अशा आवाजात ओरडला, ‘जय भीम!’

मग मैदान फुटलं. ‘हत्ती जय भीम म्हणाला! अरे हत्ती जय भीम म्हणाला!’ पोरं मंचावर चढली, बायका ओरडायला लागल्या, शिट्ट्या काय, टाळ्या काय. सगळ्यांत पहिले उभे राहिले ते गायकवाड गुरुजी. ‘हत्ती आपला आहे!’ असं त्यांनी माईक ओढून घेऊन जाहीर केलं. त्या कल्लोळात माझ्या पायाशी एक शांत आवाज आला, ‘आवाज चांगला आहे. सुळे मात्र अजून उलटेच.’

पण काळे बूट जागचे हलले नव्हते. मी त्यांच्याकडेच बघत होते. माझा आवाज अण्णांनी ओळखला नसता तर तो बाप कसला. एवढ्यात टोकदार बूट धाडधाड मंचावर आले. ‘फिनिश! शो खतम! रूल इज रूल. हत्ती बोलत नाही. ये लडका कल से नहीं आएगा.’ आत मुलगी आहे हे ते चारचौघांत कधी सांगत नसत. माझा निळा कोट त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला, आणि अण्णाही गेलेच होते. एका ‘जय भीम’मध्ये दोन्ही गेलं.

‘लडका नाही,’ अण्णा म्हणाले. मग खाकरले. ‘म्हणजे, पाहुणे. पाहुण्यांबद्दल बोलताना मान राखून बोलावं. आपल्या जाहिरातीत काय छापलंय साहेब? गजू तुमच्याशी गप्पा मारेल. गप्पांमध्ये बोलणं येतं की नाही?’

‘सर, वो तो बस ॲड की भाषा है.’

‘छापलेलं आम्ही खरं धरतो. कोर्टात तशीच पद्धत आहे. पाहुण्यांनी आपला शब्द पाळला. आपण त्यांना काढून टाकणार असाल तर कारण लेखी द्या, आम्ही वाट बघतो.’ खाली पब्लिक ‘पुन्हा! पुन्हा!’ म्हणून ओरडत होतं आणि कुपनांच्या टेबलावर झुंबड उडाली होती. रोहित सरांनी ती झुंबड पाहिली. ‘ओके. लेकिन पुन्हा नाही,’ असं पुटपुटत टोकदार बूट खाली उतरले. मग अण्णांनी माझ्या अंगावर शाल घातली. ती नीट करायच्या निमित्तानं ते माझ्या कानाशी आले. ‘घरी ये. मग बोलू,’ एवढंच म्हणाले. मी मान हलवली. नियमच होता तो.

घरी आईनं सुकटीची चटणी केली होती, भाकऱ्या टोपलीत वाफ सोडत होत्या, आणि कुणी जेवत नव्हतं. अण्णांनी रेडिओ बंद केला.

‘पब्लिक रिलेशन?’

‘हो.’

‘पब्लिक होती खरी.’ ते म्हणाले. ‘माझ्या बापाला नाचायला लावायचे. नाही म्हणायची सोय नव्हती त्याला. तुला आहे?’

‘आहे.’

‘मग म्हण.’

‘नाही म्हणायचं नाहीये मला, अण्णा. मला तो कोट पाहिजे. आणि मला आवडतं. पोरं मिठी मारतात.’

आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं मध्ये तोंड घातलं, ‘आणि त्या चटण्या तुम्ही मिटक्या मारत खाल्ल्या, त्याचं काय?’ अण्णांनी ‘कुठल्या चटण्या?’ म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर ताटातली चटणी बोटानं कडेला सारली. मला वाटलं आता भडका उडणार. ते म्हणाले, ‘आत फार उकडतं का?’ मी ‘हो’ म्हटलं आणि भोकाड पसरलं. अण्णा हात धुवायला उठले. ‘बापाला नाचवणं वेगळं आणि तू आपणहून जाणं वेगळं. पण किती वेगळं, ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या रविवारी जाऊन ये. निकाल राखून ठेवतोय.’

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. अण्णा माझ्याशी मिठापुरतं बोलायचे. कोर्टात निकाल राखून ठेवला की वर्षं जातात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

शेवटचा कार्यक्रम लोणी काळभोरला, नगरीच्या दारातच. धायरीच्या नळाची कीर्ती तिथवर पोचलेली. बाजारपेठेपर्यंत बायकांची रांग, हातात ताटं. मी नाचून बाजूला उभी राहिले आणि रांग सुरू झाली. जोडव्यांचे पाय आले, चिखलानं भरलेले पाय आले, शाळेचे पांढरे कॅनव्हास आले. मी सगळ्यांना मान हलवत होते. दुसऱ्या पिकाला पाणी, जावयाला नोकरी, म्हशीला रेडकू. आणि मग त्या अनवाणी पायांच्या मध्ये काळे चकचकीत बूट येऊन थांबले. शबानानं माझा हात एवढ्या जोरात दाबला की बोटं वाजली. आयुष्यात कधी कुठल्या गणपतीपुढे उभे न राहिलेले माझे अण्णा नारळ घेतलेल्या बायकांच्या रांगेत उभे राहून माझ्यापर्यंत आले होते. दुसरा रस्ताच नव्हता म्हणा.

रांग सांभाळणारी बाई म्हणाली, ‘काका, बूट काडा की. द्येव हाय.’

‘राहू द्या,’ अण्णा म्हणाले. ‘देवाची आणि माझी जुनी ओळख आहे.’

‘मग हात तरी जोडा.’

‘हात रिकामे नाहीत.’ खरंच नव्हते. त्यांच्या हातात सरबताची बाटली होती आणि बाटलीत सलाईनची रबरी नळी खोचलेली. नळीचं टोक त्यांनी सोंडेच्या खालून माझ्या तोंडाच्या फटीत सरकवलं. बाईनं विचारलं, ‘ह्ये काय?’

‘नैवेद्य,’ अण्णा म्हणाले.

मी ओढलं. लिंबाचं सरबत, गार, आईच्या हातचं, मीठ जरा जास्त झालेलं. असं सरबत मी त्यानंतर कधी प्यायले नाही. बाटली रिकामी होत गेली तसा मागे गलका उठला, ‘पितुया! द्येव पितुया!’ त्या गलक्यात अण्णा खाली वाकले. त्या उन्हाळ्यात फटीतून दिसलेला पहिला चेहरा त्यांचा होता. ‘कोट मिळाला की मला दे,’ ते म्हणाले. ‘इस्त्री मी करीन.’

बूट वळले आणि गर्दीत गेले. मला पुढचं काही दिसेना, आणि विचारताही येईना, हत्ती बोलत नाही. पण शबानाला कळलं. ती माझ्या सुपाएवढ्या कानाशी आली. ‘हसतायत गं,’ ती म्हणाली. ‘एकटेच चाललेत आणि हसतायत.’ तेवढ्यात पुढच्या बाईनं ताकाचा तांब्या माझ्या सोंडेला लावला, आणि मी मान हलवली.